चौथ्या दिवसाचा उतार

नयनाने चौथ्या दिवसापुढच्या रकान्यात ‘उतार, अकरा किलोमीटर, आराम’ असं लिहिलं होतं, आणि रंगनाथचं घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं.

नयना दोह्यातल्या ‘द पर्ल’ या वस्तीतल्या एका सायकलच्या दुकानाची मॅनेजर. नुसत्या सायकली विकून दुकान चालत नाही, म्हणून तिने गिऱ्हाइकांचा क्लब काढला होता. दर शुक्रवारी पहाटे राइड आणि वर्षातून एकदा परदेशात सहल. रंगनाथ त्याच दुकानाचा ड्रायव्हर. आठवडाभर घरोघर सायकली पोचवायच्या आणि शुक्रवारी या मंडळींच्या मागे पाणी, केळी आणि ट्यूब घेऊन व्हॅन चालवायची, हे त्याचं काम. राहायला इंडस्ट्रियल एरियात, सहा जणांच्या खोलीत. मूळचा पाटणकडचा, आणि इथे येण्याआधी अकरा वर्षं त्याने कराड ते चिपळूण ट्रक चालवलेला. म्हणजे कुंभार्ली घाट. आठवड्यातून तीनदा वर, तीनदा खाली.

यंदाची सहल ऑक्टोबरात सायप्रसला होती. सहा दिवस, नयनासकट नऊ जण. डोंगरातली दगडी गावं, उतारावरच्या द्राक्षबागा, बागांमधून जाणारे अरुंद रस्ते. नयना नाशिककडची, द्राक्षं तिला नवी नाहीत. तिच्या मामाची दिंडोरीला बाग होती, पण ती सपाट रानात. द्राक्षाचे वेल डोंगराला टांगलेले असू शकतात हे तिने फोटोतच पाहिलं होतं. तरी बाई हुशार. तीन महिने नकाशे समोर ठेवून तिने कुठे पाण्याचा नळ, कुठे कॉफी, कुठे सावली, कुठून समुद्र दिसतो, सगळं टिपून काढलं होतं.

सामानाची व्हॅन तिथे भाड्याने घ्यायची होती. सायप्रसमध्ये गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात. डाव्या बाजूने घाट उतरलेला माणूस अख्ख्या दुकानात एकच होता, म्हणून नयनाने मालकाच्या मागे लागून रंगनाथचं नाव पक्कं केलं. व्हिसासुद्धा लागला. पन्नाशीला टेकलेल्या या माणसाने विमानातून उतरून आजवर मुंबई आणि दोहा याखेरीज काही पाहिलं नव्हतं. त्याने बायकोला, संजीवनीला कळवलं. तिने सासूला सांगितलं आणि सासूबाईंनी, म्हणजे हौसाबाईंनी, फक्त दवंडी पिटायची बाकी ठेवली. माझा रंगा साहेब लोकांना घाट उतरवायला चाललाय, हे गावातल्या दुधाच्या डेअरीपर्यंत पोचलं. रंगनाथनेही दोह्याच्या सप्टेंबरातल्या भर उकाड्यात एक लोकरी स्वेटर घेतला. दुकानदाराने त्याला खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं.

एका बुधवारी दुपारी नयनाने सगळा प्लॅन छापून त्याच्या हातात दिला. व्हॅन कुठे थांबवायची तेवढं बघायला.

“ताई, हे आराम कुणी लिहिलं?” रंगनाथने विचारलं.

“मीच. का हो?”

“उतार हाय न्हवं हा?”

“हो. अकरा किलोमीटर पाय हलवायलाच नको. सकाळी तीन तास चढ चढून सगळे दमलेले असणार, मग हे बक्षीस. आपल्या पोस्टरवरचा फोटो तिथलाच आहे, दादा. दोन्ही बाजूंना द्राक्षंच द्राक्षं.”

रंगनाथने मोबाइलवर तो रस्ता उघडला आणि वळणं मोजली. बावीस भरली.

नयनाला मूर्ख समजायचं कारण नाही. कतारमध्ये सायकल चालवणाऱ्या कुणीही हेच लिहिलं असतं. इथे रस्ता तव्यासारखा सपाट. त्रास दोनच, ऊन आणि वारा. वारा समोरून आला की काम, पाठीमागून आला की आराम. उतार म्हणजे पाठीमागचा वाराच, असं तिने धरलं होतं. चढाची तयारी मात्र कसून चालली होती. फ्लायओव्हर पालथे घालून झाल्यावर मंडळींनी एका टॉवरचं सात मजली पार्किंग गाठलं होतं. गोल गोल रॅम्पवरून वर जायचं, दहा-दहा, अकरा-अकरा वेळा. आणि खाली यायचं कसं? लिफ्टने! सायकल उभी धरून, घाम पुसत, एकमेकांना शाबासकी देत. उतरण्यात कशाला वेळ घालवायचा?

“ताई, ह्यातलं कुणी कधी उतरलंय का?” रंगनाथने शेवटी विचारलं.

नयना हसली, आणि मग हसायची थांबली. “कुठून उतरणार?” ती म्हणाली.

त्या शुक्रवारी राइड संपल्यावर सगळे पार्किंगमध्ये जमले. रंगनाथने वॉचमनला विनंती केली, रॅम्प दहा मिनिटं मोकळा करून घेतला आणि स्वतः चौथ्या मजल्याच्या वळणावर जाऊन उभा राहिला. पहिला आला इम्रान. माणसं राजापूरची, पण हा दोह्यातच वाढलेला, बँकेत नोकरी, आणि क्लबातला सगळ्यात दमदार गडी. चढताना रंगनाथला डोळा मारून गेला होता, “काका, रॅम्प आपल्या बापाचा!” उतरताना मात्र त्याची नजर पुढच्या चाकावर खिळलेली. वरून निघाल्यापासून दाबलेला ब्रेक त्याने सोडलाच नव्हता, आणि वळणात शिरल्यावर घाबरून आणखी दाबला. मागचं चाक फरकन सरकलं. खांदा भिंतीला घासत तो कसाबसा उभा राहिला. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही.

त्याच्यामागून आलेल्यांचीही तीच तऱ्हा. शैलजा नावाची दातांची डॉक्टर तेवढी दुसऱ्या मजल्यापासून सायकलवरून उतरून, ती हातात धरून चालत आली. तिचं तिला कळलं होतं.

“हात कसा हाय?” रंगनाथने इम्रानला विचारलं.

इम्रान बोटं उघडझाप करत होता. “झिणझिण्या आल्यात, काका.”

“दोन मिन्टं बी झाली न्हाईत अजून. तिथं अर्ध्या तासाच्या वर लागंल. आन् बाजूला भिंत न्हाई, दरी हाय. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात न्हाई. हे सांगून येत न्हाई, बाळा. मला क्लीनरच्या शिटावर बसून वरीसभर बघावं लागलं, तवा आलं.”

नयनाचा चेहरा उतरला होता. तीन महिन्यांचं काम, लोकांचा विश्वास, पोस्टर, सगळं त्या एका रकान्यावर येऊन थांबलं होतं.

दुकानात परत आल्यावर दोघं नकाशा घेऊन बसली. उलटं जावं, त्या बाजूने चढावं, तर अकरा किलोमीटरचा तो उभा चढ इम्रानखेरीज कुणाला झेपणारा नव्हता. तो दिवसच गाळावा, तर सहलीत उरणार काय?

“चढू द्या की त्यांना,” रंगनाथ म्हणाला. “वर गेलं की सायकली टपावर बांधायच्या आन् माणसं व्हॅनमधी घ्यायची. मी आणतो खाली, सावकाश. ताई, तुमी त्यांना बागा दाखवायला नेताय ना? सायकलीवरनं पुढच्या चाकाबिगर काय दिसणार त्यांना?”

नयनाला हे एकदम पटलं. तिने तिथल्या तिथे सायप्रसच्या व्हॅनवाल्या कंपनीला मेल टाकला. रंगनाथही खुशीत होता. आजवर आपण सामान उतरवणार होतो, आता माणसं उतरवणार, असं त्याच्या मनात आलं.

उत्तर रविवारी आलं. नयनाने त्याला ऑफिसात बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“दादा, ते म्हणतात, सामान असेल तर ड्रायव्हर तुमचा चालेल. माणसं बसवणार असाल तर सहाही दिवस ड्रायव्हर आमचाच. विम्याची अट आहे.” ती थांबली. “आणि गाडी दहा सीटची. आम्ही नऊ, दहावा तो.”

रंगनाथ उभाच होता. आपण आपल्याच पायावर केवढा धोंडा मारून घेतला हे कळायला त्याला दोन क्षण लागले.

“हा मेल मी अजून कुणाला दाखवलेला नाही,” नयना खाली बघत म्हणाली. “जुना प्लॅनही ठेवता येईल. हळूहळू उतरू. प्रत्येक वळणाला थांबू. तुम्ही मागे असालच ना? तुम्ही म्हणाल तसं करू.”

यातलं ‘तुम्ही म्हणाल तसं’ काही रंगनाथला आवडलं नाही. जोखमीचं ओझं बाईने अलगद त्याच्या डोक्यावर ठेवलं होतं. पण तिचा हेतूही वाईट नव्हता. त्याने यावं असं तिला मनापासून वाटत होतं, हे दिसत होतं. त्याने उद्यापर्यंतची मुदत मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला तीन सायकली पोचवायच्या होत्या. गाडी चालवताना तो स्वतःलाच समजावत राहिला. कोण पडतंय? घाटात शेकडो लोक सायकली मारतात. आपण मागे राहू, हॉर्न देऊ, सांभाळून घेऊ. इम्रान शिकेल. शैलजाबाई चालत उतरेल. व्हिसा लागलाय. आईने सगळ्या गावाला सांगितलंय. आपण आयुष्यात कधी काही मागितलं का कुणाकडे? हे एवढं झालं तर कुणाचं काय जातंय? प्रत्येक सिग्नलला त्याने स्वतःला होकार दिला, आणि सिग्नल सुटला की इम्रानचं ते सरकलेलं चाक दिसलं. बाजूला भिंत होती म्हणून पोरगा भिंतीला घासला.

दुपारी दुकानात येऊन तो सरळ नयनासमोर उभा राहिला.

“ताई, मागची गाडी पुढच्याचा ब्रेक दाबू शकत न्हाई. तिथला ड्रायव्हर घ्या.”

“दादा...”

“घ्या म्हणतो ना! खलास. आता पुन्हा इचारू नका मला.” आवाज चढला तसा तोच ओशाळला आणि व्हॅन धुवायच्या निमित्ताने बाहेर गेला. व्हॅन आदल्याच दिवशी धुतलेली होती.

आईला फोन लावून जाणं रद्द झाल्याचं सांगितलं तेव्हा हौसाबाई म्हणाल्या, “आरं, मग तुला काढलं का?”

“काढलं न्हाई आये. म्या नगं म्हनलं.”

“का रं?”

“माणसं उतरवायची हुती. तिथला मानूस पायजे.”

“मग ऱ्हाऊ दे,” हौसाबाई म्हणाल्या. डेअरीवर आता काय सांगायचं, हे त्या बोलल्या नाहीत, पण रंगनाथला ते ऐकू आलं.

पुढचे तीन आठवडे तो नयनाबरोबर रोज तासभर त्या रस्त्याचा नकाशा घेऊन बसला. कुठल्या वळणावर गाडी थांबवता येईल, फोटो कुठून घ्यावा, कुणाला मळमळलं तर कुठे उतरवायचं. जायचंच नव्हतं तरी नकाशावरचं एकेक वळण त्याला तोंडपाठ झालं. निघायच्या दिवशी नऊ जणांच्या सायकलींची खोकी त्यानेच विमानतळावर पोचवली. इम्रानने त्याला कडकडून मिठी मारली. “काका, पुढच्या वर्षी इन्शाल्ला,” तो म्हणाला. रंगनाथने मान हलवली. पुढच्या वर्षीच्या गोष्टी कतारमध्ये सगळेच करतात.

चौथ्या दिवशी सकाळपासून त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं. तिथलं घड्याळ आणि इथलं सारखंच चालतं. दहाला ते अर्ध्या चढावर असतील. बाराला माथ्यावर. साडेबाराला सायकली टपावर. एका व्हिलाच्या दारात तो लहान मुलीची गुलाबी सायकल उतरवत होता तेव्हा तिसरं वळण, चौथं वळण, असं त्याच्या डोक्यात चाललं होतं.

सव्वा वाजता नयनाचा फोन आला.

“उतरलो, दादा. नऊच्या नऊ.”

“ड्रायव्हर कसा हाय?”

“म्हातारा आहे. तोंडातून शब्द काढत नाही. पण गाडी काय चालवली त्याने! एकदाही कचकन ब्रेक मारला नाही. वळण यायच्या आधीच गिअर खाली.”

रंगनाथला बरं वाटलं. आणि त्याच वेळी, कधी न पाहिलेल्या त्या म्हाताऱ्याचा त्याला हेवा वाटला. त्या सीटवर आपण असायला हवं होतं. महिनाभर त्याने हे कुणापाशी काढलं नव्हतं.

“ताई, मला यायचं हुतं,” तो म्हणाला. “लई यायचं हुतं.”

पलीकडे वारा वाजत होता. कुणीतरी लांब हसत होतं.

“मला माहीत होतं, दादा,” नयना म्हणाली. “माहीत असूनही मी तुम्हालाच ठरवायला लावलं. चुकलंच माझं.” मग जरा सावरून म्हणाली, “फोटो पाठवते सगळे.”

“फोटू मागनं बघतो.” त्याने व्हॅन व्हिलाच्या भिंतीच्या सावलीत घेतली आणि हँडब्रेक ओढला. “तुमी सांगा. पहिल्या वळणापासनं सांगा, एकेक. गाडी बाजूला घेतलीय मी, घाई करू नका.”