दोन्ही हात गुंतलेले असताना

बाळंतपणानंतर माझं हृदय कमजोर झालं, अंगावर सूज आली. रक्त ढकलायला कंटाळलंय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. औषधं, अळणी जेवण, रोज सकाळी वीस मिनिटं सावकाश चालणं, आणि तीन महिने छातीभोवती हा पट्टा. ठोके भलतेच धावू लागले, तर पट्टाच विजेचा झटका देऊन त्यांना ताळ्यावर आणणार. आई त्याला माझी दुसरी सासू म्हणते. "पहिली निदान दुपारी झोपते तरी!"

नर्सनं आम्हा दोघींकडून घोकून घेतलं होतं. झटक्याआधी पट्टा पाठीत थरथरणार, मग भोंगा. शुद्धीत असाल तर पट्ट्याला जोडलेल्या कमरेच्या डबीची दोन बटणं दोन्ही हातांनी दाबून धरायची, म्हणजे झटका थांबतो. ती दुसऱ्या कुणी दाबायची नाहीत. आणि तेव्हा अंगाला कुणी हात लावायचा नाही, नाहीतर झटका त्यालाही.

काल मी गोळूला टबात आंघोळ घालत होते. चार महिन्यांचं लेकरू, साबणानं निसटतं. एक हात मानेखाली, एक पाठीखाली. आणि माझ्या पाठीत थरथरलं.

मग भोंगा. "बाजूला व्हा," डबीतली बाई बोलली. "झटका दिला जाईल."

मला चक्कर नव्हती, काही नव्हतं. पण सोडला तर पाणी, धरला तर वीज. गोळू त्या आवाजाला हसला.

"आई!"

आई धावत आली आणि दारातच थिजली. नर्सचं बोलणं तिनं माझ्यापेक्षा पक्कं पाठ केलं होतं.

"हात लावायचा नाही ना गं?"

"मला नको लावू! मी सोडते, तू त्याला धर!"

"अगं, पण..."

"आई, आत्ता!"

मी हात काढले. त्याचं तोंड पाण्याखाली गेलं. आईचे हात पोचेपर्यंतच, पण मी ते पाहिलं. मग बटणं दाबली. भोंगा थांबला. गोळू खोकला, आणि रडला.

मी पट्ट्याच्या कंपनीला फोन लावला. तिथल्या माणसानं पट्ट्यात बोटं घालून बघायला सांगितलं. अख्खी मूठ गेली.

"सूज उतरली की तुमची! छान. सैल पट्टा हलतो, मग मशीनला भलतेच ठोके दिसतात. दुपारी या, लहान देतो."

"तोवर काढून ठेवू?"

"अजिबात नाही."

"बघ, चालण्याचा गुण आला," आई म्हणाली.

गोळूला भूक लागली. आईनं त्याला पुढं केलं, तशी मी मागं सरकले. "तूच पाज ना बाटली."

"खोटाच होता ना गं भोंगा?"

"पुढचा खरा असला तर?"

आई बाटली घेऊन माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि त्याचं तोंड माझ्याकडे वळवलं. "तुला बघू दे तरी त्याला."

दूध पिता पिता तो माझ्याकडे टक लावून बघत होता. मी दोन्ही अंगठे बटणांवर ठेवून, हातभर लांबून त्याच्याशी बोलत राहिले.