लिंबूटिंबू

आईने अर्ध्या फोडीवर मीठ पसरलं आणि किटलीचं बूड घासायला घेतलं. थोरली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. घराच्या किल्ल्या उद्या नव्या मालकाला द्यायच्या होत्या, निम्मं सामान हललं होतं, आणि आई मात्र भंगारात जाणारी किटली लख्ख करत बसली होती.

"अगं, ती आपण नेणार नाही आहोत."

"म्हणून काय काळी सोडू? एक आंबट दे आणखी."

आंबट म्हणजे लिंबू. परसातलं झाड बारमाही लगडलेलं असे आणि आईचं त्याच्यावाचून पान हलत नसे. कॉलरचे डाग, फळीचा वास, केसांतला कोंडा, खोकला, मुंग्या, सगळ्यांवर एकच औषध. थोरलीचे वडील म्हणत, ही एक दिवस मलाही घासून वाळत घालणार. पण फळाचं नाव त्या घरात कोणी घेत नसे, कारण ते धाकट्याचं नाव होतं.

खरं नाव दुसरंच होतं. पण खेळात तो कायम लिंबूटिंबू, म्हणून सगळे लिंबूच म्हणायचे. लिंबूटिंबू म्हणजे सगळ्यांत लहान गडी. त्याने पळावं, लपावं, खिदळावं. त्याच्यावर राज्य येत नाही, आणि त्याला शोधलं नाही तरी चालतं. त्या दिवशी राज्य थोरलीवर होतं. मोठे गडी सगळे सापडले, खेळ मोडला, जो तो आपापल्या घरी गेला. लिंबू माळ्यावरच्या पेटीत लपला होता. झाकणाचा गंजका खटका बाहेरून पडला तो आतून उघडलाच नाही.

थोरलीला कोणी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं तिला अजून वाटे. त्यानंतर ती माळ्यावर कधी गेली नव्हती.

"वरची पेटी भंगारवाला सकाळी नेईल," ती म्हणाली. दिवसभर ओठांवर घोळलेलं एकदाचं बाहेर पडलं.

आईचा हात थांबला नाही. "पेटी गेली तर मी येणार नाही."

"ठेवायची कुठे तिकडे? आणि कशाला हवी ती सारखी डोळ्यांसमोर?"

"तुला नकोय. मला विचारलंस कधी?"

थोरली चिडून पुढच्या खोलीत खोकी बांधायला गेली. परत आली तेव्हा स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. किटली चकाकत पालथी पडली होती. मिठाची वाटी जागेवर नव्हती.

"आई?"

न्हाणीघरात नाही, परसात नाही. चपला दारातच होत्या. रिकाम्या खोल्यांतून तिचीच हाक तिच्याकडे परत येत होती. मग जिन्याशी तिला लिंबाचा वास आला.

कठडा धरून ती वर चढली.

माळ्यावर दुपारचं ऊन होतं. पेटी बंद होती. शेजारी मिठाची वाटी आणि पिळून चोथा झालेली फोड. पडलेल्या खटक्यावर गंजाचा ठिपकाही नव्हता. नुकताच घासलेला, अजून ओला होता.

ती गुडघ्यांवर बसली. हात पुढे केला तोच आतून कोणीतरी ढकललं. खटका सहज वर उडाला, झाकण उचललं गेलं, आणि गुडघे पोटाशी घेतलेली आई दिसली.

"उघडतो बघ आतून," धापा टाकत आई म्हणाली. "त्यानंतर गंज धरू दिला नाही मी. अधूनमधून बसून बघते."

थोरलीने तिच्या काखेत हात घालून तिला बाहेर काढलं. आई फार हलकी झाली होती. बाहेर आल्यावर ती लेकीकडे बघतच राहिली.

"शोधत आलीस तू," ती म्हणाली.

"आले गं. फार उशिरा आले." थोरली लहान मुलीसारखी रडली.

आईने बोटांनी तिचे डोळे पुसले. बोटांना मीठ आणि रस होता, डोळे आणखीच झोंबले.

"नेऊ दे भंगारवाल्याला पेटी," थोड्या वेळाने आई म्हणाली. "आत्ता मात्र झाकण लावू नकोस. चल. आणि झाडावरची लिंबं काढून घे बरोबर."

ती भिंतीला धरत जिना उतरू लागली. थोरली पहिल्याच पायरीवर थांबली. मग मागे वळून, उघड्या पेटीकडे बघत, तिने हळूच लिंबूला हाक मारली.