अर्धी दाढी

पाद्र्याचा एक गाल गुळगुळीत झाला होता आणि दुसरा अजून फेसातच होता, तेवढ्यात म्हाताऱ्याने आरशात आपला मुलगा पाहिला.

दुकान म्हाताऱ्याचं, पण वस्तरा थोरल्या लेकीच्या हातात. बाप डाव्या हाताने फेस करायचा, गालांना लावायचा, हवापाण्याच्या गप्पा मारायचा, आणि पुढचं सगळं लेक करायची. कुणी विचारलंच तर ती सांगायची, "बाबांना आता कंटाळा येतो." खरी गोष्ट अशी, की म्हाताऱ्याचा उजवा हात थरथरायचा. हे बाप, लेक आणि धाकटा लेक या तिघांनाच माहीत होतं. धाकट्याने रस्त्यापलीकडे काचेच्या दाराचं स्वतःचं सलून काढलं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. दारात उभा राहून तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, "तिकडे खुशाल जा, फक्त गळा सांभाळा."

गिऱ्हाइकं आपापले गळे घेऊन पलीकडे गेली. पाद्री तेवढा टिकला. थोरलीच्या मते तो श्रद्धेमुळे नव्हे, रस्ता ओलांडायच्या आळसामुळे टिकला होता.

दीड वर्ष ती खोटं बोलत आली. "कुणाचा हात? बाबांचा? काहीतरीच. अजून सुईत दोरा ओवतात ते." म्हातारा गिऱ्हाइकासमोर उजवा हात खिशात ठेवायचा, आणि ते तिला बघवायचं नाही. म्हणून गेल्या महिन्यात पलीकडच्या काचेवर कुलूप लागलं, तेव्हा तिला आनंद झाला. चांगला भरपूर झाला, खोटं कशाला बोला. आता तो येणार. दाराशी उभा राहणार. चारचौघांत म्हणणार, "ताई, मी चुकलो." मग ती त्याची बिनपाण्याने करणार, आणि ते झाल्यावर जमलं तर हातात झाडू देणार. तिचा क्षमेला विरोध नव्हता. फक्त तिला ती रांगेने हवी होती.

त्यात गेल्या रविवारी प्रवचनाला पाद्र्याने नेमका बायबलमधला उधळ्या पुत्राचा दाखला घेतला. वाटणी घेऊन गेलेला पोरगा, डुकरांची संगत, आणि दुरून त्याला बघून धावत सुटलेला बाप. देव असा धावतो, पाद्री म्हणाला, आणि पुढच्या बाकावरच्या बायकांनी डोळे पुसले. थोरलीने नाही पुसले. त्या गोष्टीत तिला एकच माणूस आवडायचा, तो म्हणजे घरी राबत राहिलेला थोरला भाऊ. अख्ख्या दाखल्यात कामावर गेलेला तेवढा एकच.

तर आरशात धाकटा दिसला. पलीकडच्या फुटपाथवर, स्वतःच्या कुलपासमोर, हातात पिशवी, वाढलेली दाढी, आणि ओठ हलताहेत. भाषण पाठ करत होता बहुधा.

"बाबा, फेस वाळतोय," थोरली म्हणाली.

म्हातारा कुठला ऐकतोय. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात फेसाची वाटी, असा तो दाराबाहेर पडला. त्याचे गुडघे एरवी चर्चच्या दोन पायऱ्या चढताना कुरकुरायचे, पण आता त्यांना कुणी विचारलंच नाही. दुचाकीवाल्याने ब्रेक दाबून शिवी हासडली. म्हातारा पलीकडे पोचला आणि वाटीसकट पोराच्या गळ्यात पडला.

"माझी अर्धीच झाली आहे," पाद्री म्हणाला.

"तुम्हीच सांगितलंत ना, देव असा धावतो म्हणून," थोरली म्हणाली. "मग आता बसा."

म्हाताऱ्याने धाकट्याला हाताला धरून आणलं आणि शेजारच्या खुर्चीत बसवलं. धाकट्याचा शर्ट फेसाने माखला होता. त्याने आरशातून बहिणीकडे पाहिलं, मान खाली घातली आणि सुरुवात केली, "बाबा, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या..."

म्हाताऱ्याने त्याच्या तोंडावर ब्रश फिरवला.

"बाबा, मला नोकर म्हणून..." फेस तोंडात गेला. तो थुंकला.

"बोलू नकोस, लागेल," म्हातारा म्हणाला आणि त्याने वस्तरा उचलला. स्वतः. दीड वर्षात पहिल्यांदा.

वस्तरा हवेतच थरथरत होता. धाकट्याने तो आरशात पाहिला. त्या हाताबद्दल जगाला सावध करणारा हाच तो शहाणा. त्याने डोळे मिटले आणि मान मागे टेकवून गळा पुढे केला. पहिल्याच ओढीला हनुवटीखाली लाल रेघ उमटली.

"रक्ताशिवाय क्षमा नाही," पाद्री पुटपुटला. वचनं म्हणायची सवय, दुसरं काय.

"बाबा, थांबा," थोरली म्हणाली. "द्या इकडे."

म्हाताऱ्याने वस्तरा खाली ठेवला आणि हसला. "थरथरतो खरा. पोरगं काही खोटं बोललं नव्हतं, फादर. दीड वर्ष झालं, हिने लपवून ठेवलंय."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या हातासाठी तिने दारात आलेल्या प्रत्येकाशी खोटं बोलून जीभ झिजवली, तो हात म्हाताऱ्याने एका वाक्यात मोकळा केला, आणि तोही कुणासाठी, तर या टोणग्यासाठी. माफीसुद्धा मागू दिली नाही. तिचं सगळं रांगेने व्हायचं होतं, आणि इथे रांगच मोडली.

"अगं, तू तर नेहमी त्यांच्याजवळच असतेस," पाद्री समजुतीच्या सुरात म्हणाला. एका गालावर फेस असला की माणसाच्या समजुतीला वजन राहत नाही.

"तेच तर दुखणं आहे," ती म्हणाली. तिने कमरेचा टॉवेल खुर्चीवर टाकला आणि बाहेर पडली.

दारातून निघाली तेव्हा कुठे जायचं हे तिला ठाऊक नव्हतं. पायांना होतं. ते रस्ता ओलांडून गेले आणि बंद काचेसमोर थांबले, धाकटा उभा होता त्याच जागी. सलून निघाल्यापासून ती या बाजूला कधी आली नव्हती. इथून आपलं दुकान फार लहान दिसत होतं. आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं, आणि लाजही वाटत होती. घोड्याएवढ्या बाईने बापाची परीक्षा घ्यायची. पण तिला ते बघायचंच होतं. हरवलेल्यासाठी तो धावतो, हे ठीक. न हरवलेल्यासाठी धावतो का?

नाही धावणार. दमला असेल. आत पोरगा आहे, अर्धा पाद्री आहे, दुकान आहे. तिचं तिलाच रडू फुटलं.

तेवढ्यात म्हातारा बाहेर आला. त्याने दोन्ही बाजूंना पाहिलंच नाही. मघापेक्षाही वेड्यासारखा, लंगडत, हात हवेत हलवत तो सुटला, आणि तो हात खिशात घालायचं त्याला सुचलं नाही. टेम्पो करकचून थांबला. रस्त्याच्या मधोमध त्याची एक चप्पल निघाली, ती तशीच टाकून तो आला आणि तिच्या दंडाला धरून धापा टाकत राहिला.

"कुठे निघालीस?"

"कुठे नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही येता का, ते बघत होते."

म्हाताऱ्याने आधी कपाळाचा घाम पुसला. मग तो म्हणाला, "आजवर गेली नाहीस, म्हणून आलो नाही. मला काय ठाऊक, मी यावं असं तुला वाटत होतं ते?"

तिने बापाचा थरथरता हात आपल्या दोन्ही हातांत धरला. पलीकडे दुकानाच्या दारात धाकटा उभा होता, तोंडभर फेस, हनुवटीखाली रक्त. यावं की न यावं, त्याला कळत नव्हतं. त्याच्यामागे पाद्री होता.

दीड वर्षात ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"बघतोस काय नुसता?" ती रस्त्यापलीकडून ओरडली. "बाबा अनवाणी आहेत. ती चप्पल घेऊन ये इकडे."

तो धावला.