मागेल त्याला देणारा मी

मी बोलतोय, वरवे बुद्रुकच्या भातउत्पादक गटाचा सर्व्हर. पंचक्रोशीत माझ्याइतका जाणता कुणी नाही. तसं शिक्षण म्हणाल, तर मागितलेली फाइल उचलून द्यायची, एवढंच येतं.

उमेदीची वर्षं भोरच्या एका ऑफिसात काढली. तिथं म्हातारा ठरलो, तेव्हा गटाच्या अश्विनीनं मला एसटीतून मांडीवर घेऊन आणलं. कंडक्टर म्हणाला, "ह्याचं हाफ काढू का?"

मग गटाची वेबसाइट माझ्या पोटात आली. इंद्रायणी तांदळाचे फोटो, दरपत्रक आणि अध्यक्ष सोनबानानांचं हसरं थोबाड. कुणी मोबाईलवरून मागायचा अवकाश, मी देत सुटायचो.

अश्विनीच्या सासूबाई घराची किल्ली चौकटीवर ठेवतात, आणि ते साऱ्या आळीला ठाऊक. तीच सवय सुनेला. सभासदांची फाइल, मोबाईल नंबरांसकट, तिनं फोटोंच्या शेजारीच ठेवली. एका परक्यानं ती मागितली. दारी आलेल्याला रिकामं कसं धाडायचं? दिली.

आठवड्यात सगळ्यांचे फोन वाजू लागले. "तुम्हाला लॉटरीत ट्रॅक्टर लागलाय, नसरापूरला न्यायला या." नाना फेटा बांधून, पूजेला नारळ घेऊन दुपारपर्यंत नसरापूरच्या चौकात उभे. ट्रॅक्टर कसला येतोय.

नंबर वेबसाइटवरूनच फुटले हे कळल्यावर बैठकीत नाना म्हणाले, "शनवारपातुर नीट न्हाई झालं, तर वेबसाइट बंद." तांदळाची निम्मी गिऱ्हाइकं तिच्यावरून यायची, आणि ती अश्विनीनं एकटीनं उभी केलेली. बाई बैठकीतून उठली, ती थेट माझ्यासमोर येऊन बसली.

तिनं मला बजावलं: वेबसाइटची पानं आणि दरपत्रक, एवढ्याच प्रकारच्या फायली द्यायच्या. बाकी काहीही मागोत, दारातूनच माघारी. घाईत फोटो सांगायचे राहिले. मी इमानानं तेही अडवले, नानांच्या थोबाडासकट.

नाना धावत आले. "मला काडला व्हय गं गटातनं?"

"राहिलात तुमी, नाना. घेते आत."

शनिवारी, सभासदांची ती फाइल दुसरीकडे हलवण्याआधी, तिनं नानांनाच मोबाईलवरून मागायला लावली. मी उत्तर दिलं, 'ही फाइल मिळणार नाही.'

"आरं, म्या अध्यक्ष हाय." नानांनी पुन्हा मागितली. पुन्हा तेच.

"ऱ्हाऊ दे गं चालू," नाना खूश होऊन म्हणाले. अश्विनीनं पदरानं माझी धूळ पुसली.

मला मात्र तो फेटा न् नारळ आठवला, आणि माझा पंखा खडखडला. नाना माझ्यावर वाकले.

"हसतोस व्हय रं? म्या नारळ तरी माघारी आणला. तू समद्यांचं नंबर वाटून बसलावतास."