केशरबाईंचा अंगठा

"वाच," केशरबाई म्हणाल्या.

भिवाजीनं ठरावाचं रजिस्टर उघडून शाईचा डबा पुढे केला होता. सात वर्षं हेच चाललं होतं. ग्रामपंचायतीत बाईची जागा होती, पण सभेला बाईनं यायचं नसतं, हे कुणी न सांगता सगळ्यांना ठाऊक. सभा संपली की शिपाई भिवाजी रजिस्टर घरी आणी. केशरबाई पिठाचा हात पदराला पुसून अंगठा देत. मग चहा होई.

"लवकर करा काकी. बीडीओसाहेब जीप चालूच ठेवून राह्यले."

"पेट्रोल सरकारचं हाय. तू वाच. चौथी पास हायस ना?"

भिवाजीनं वाचलं. बौद्धवस्तीला मंजूर झालेला हातपंप, वरून आलेल्या आदेशानुसार, नव्या सरकारी गोदामापाशी बसवण्यास पंचायतीची संमती आहे. भिवाजीचं घरही त्याच वस्तीतलं. बायका पाण्याला मैलभर नदीच्या झिऱ्यावर जायच्या.

"वरूनच ठरलं, त मले कायले इचारता?"

"नऊ मेंबर. चार सह्या झाल्या. तुमचा आंगठा झाला का पाच."

"आजवर कायकायले आंगठा देऊन बसली असन मी, माय!" केशरबाईंनी डब्याला झाकण लावलं. "जा, सांग. केशरबाई नाही म्हणते."

पंचायतीच्या ओट्यावर साहेबांनी ती कोरी जागा पाहिली, मग घड्याळ. "संमती देता येत नसेल, तर ही पंचायत हवीच कशाला? प्रशासक नेमू."

ग्रामसेवक उकंडरावांनी भिवाजीला दाराआड ओढलं. "तुयाच लाव. आंगठे सारे सारखेच दिसतात. कोन पाह्यते? अन् पुढच्या महिन्यात तुले कायम करायचं हाय, इसरू नको."

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. भिवाजीनं आपला अंगठा पाहिला. बायको, म्हातारी, तीन लेकरं. त्याचा बाप जन्मभर अंगठेच देत गेला. पोरगा सही शिकला त्या दिवशी त्यानं वस्तीत गूळ वाटला होता.

"मले सही येते," भिवाजी म्हणाला. "आंगठा येत नाही."

"काहून मराले निघाला बे!"

भिवाजीनं टाक घेतला. कोऱ्या जागेत वाकड्या अक्षरात लिहिलं, 'केशरबाई नाही म्हणतात.' खाली स्वतःची सही केली, पूर्ण, बापाच्या नावासकट.

महिन्याच्या आत पंचायत बरखास्त झाली. आता एकटा प्रशासक सही करतो, काम झटपट होतं. हातपंप गोदामापाशी बसला. भिवाजीला घरी बसवलं.

सभेचा वार आला, तसा तो सवयीनं केशरबाईंच्या दारात येऊन उभा राहिला. त्या भाकरी थापत होत्या. त्यांनी पदराला हात पुसला, अंगठा जरा जास्तच घासून. मग त्याचे रिकामे हात दिसले.

"बस," त्या म्हणाल्या, आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं.