शर्तीची कबुली

प्रमिला त्या दिवशी कॉलेजातून आली ती उडतच आली. कॉमर्सच्या वर्गात बत्तीस मुलं आणि ही एकटी मुलगी. व्यापारी कायद्याचा तास म्हणजे त्या बत्तिसांची डुलकीची वेळ. हिला मात्र तो विषय असा चढला होता, की भाजी घेतानाही भाजीवालीचा ईजाब कुठे संपला नि आपलं कबूल कुठे झालं, हे ती शोधत बसायची. ईजाब म्हणजे समोरच्यानं पुढे केलेली मागणी, कबूल म्हणजे आपला होकार. शब्द तिच्या वडिलांचे. नानांनी, म्हणजे भगवंतरावांनी, तीस वर्षं निजामाच्या अदालतीत पेशकारी, म्हणजे न्यायाधीशापुढे कागद ठेवायची कारकुनी, केलेली. पुस्तक इंग्रजी, नाना उर्दूचे आणि वाद मराठीत, असा बापलेकीचा अभ्यास चालायचा.

हैदराबादेत विद्यानगरातल्या घरी नाना झोपाळ्यावर बसले होते, आणि इतके खुशीत, की तिला लगेच संशय आला. सोलापूरच्या एकनाथरावांचं पत्र आलं होतं. त्यांच्या बाळकृष्णाला मुलगी पसंत होती. लग्न मार्गशीर्षात, फक्त कॉलेज आता पुरे. नानांनी सकाळीच होकार लिहून टपालात टाकलासुद्धा.

आता बाळकृष्ण वाईट होता असं नाही हं. बघायला आला तेव्हा पोह्यांपेक्षा तिच्या पुस्तकाकडेच जास्त बघत होता, आणि तिलाही तो आवडला होता, खोटं कशाला बोला! पण मार्चात शेवटची परीक्षा. एवढी वर्षं त्या बत्तिसांची खुसखुस सोसली ती काय मध्येच उठून जायला? खरं तर तिला रडू यायला हवं होतं. आलं हसू, कारण सरांनी नेमकं आजच शिकवलं होतं.

"नाना," ती म्हणाली, "टपालात टाकलेली कबुली समोरच्याच्या हाती पडेपर्यंत मागे घेता येते. पत्र उद्या पोचेल. तार आजच जाईल."

नानांनी पाय टेकवून झोपाळा थांबवला. दुसरा बाप असता तर घर डोक्यावर घेतलं असतं. पण कायद्याचा मुद्दा निघाला, की या माणसाच्या तोंडाला पाणी सुटायचं. त्यांनी विचारलं, कारण काय दाखवणार? ती म्हणाली, कलमाला कारण लागत नाही. लग्न हा संस्कार आहे, सौदा नव्हे, असं त्यांनी बजावलं. संस्कार मार्गशीर्षात, सध्या नुसता पत्रव्यवहार आहे, असं तिनं ऐकवलं. आणि मग हुकमाचं पान टाकलं.

"माझ्या वतीनं कबूल करायचा मुखत्यारनामा मी तुम्हाला कधी लिहून दिला?"

स्वयंपाकघरात आईची, सुशीलाबाईंची, पळी थांबली. नाना जे हसायला लागले, की टोपी घरंगळली तरी उचलेनात. मुद्दा मंजूर म्हणाले, आणि बापलेक रिक्षानं थेट आबिड्सच्या पोस्टात गेले. कबुली मागे घेतल्याची तार तिनं स्वतःच्या हातानं लिहिली.

तिसऱ्या दिवशी गंमतच झाली. नानांचं होकाराचं पत्र पोस्टमननं घरी परत आणलं. हैदराबादचं टपालखातं दिल्लीच्या टपालखात्यात मिसळून तीन महिने झाले होते, आणि नानांनी सवयीनं डब्यातलं निजाम सरकारचं जुनं तिकीट चिकटवलं होतं. कमी स्टँपाचे अर्ज तीस वर्षं परत करणारा माणूस, आणि स्टँपापायी त्याचाच कागद परत! सुशीलाबाईंनी दोन दिवस त्यांना सुखानं जेवू दिलं नाही.

पाठोपाठ एकनाथरावांचं पत्र आलं. तार मिळाली, पण मागे घेतली ती कबुली कोणती? आम्हाला तर कागदच पोचला नाही. आमची मागणी आहे तशीच आहे.

म्हणजे ईजाब अजून उभाच! नानांनी दौत, टाक आणि नवं तिकीट लेकीपुढे ठेवलं नि मुखत्यारीचा राजीनामा दिला. प्रमिलानं लिहिलं, मुलगा पसंत आहे, शर्त एकच: परीक्षा आधी, लग्न वैशाखात. लिहिता लिहिता ती पुटपुटली, की होकाराला शर्त लावली की तो होकार राहत नाही, तो आपला नवा ईजाब होतो. सुशीलाबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणजे आता मुलीनंच मुलाला मागणी घातली की काय? हौ, म्हणाले नाना, आणि तिकीट दोनदा तपासून पत्र स्वतः टाकून आले.

पुढचे आठ दिवस प्रमिलाचं पुस्तकात लक्ष असेल तर शपथ. नाही म्हणाले तर? कायद्यात त्यावर कलम नव्हतं. नवव्या दिवशी तार आली. नाना चष्मा शोधेपर्यंत तिनं ती दोनदा वाचलीसुद्धा.

"काय म्हणतात एकनाथराव?" नानांनी विचारलं.

"एकनाथराव नाहीत, नाना," ती म्हणाली. "त्यांच्या चिरंजीवांनी मुखत्यार नाही नेमला. स्वतः कबूल म्हणालेत."

आणि ती अभ्यासाला बसली. पुस्तक उलटं धरलंय, हे तिला कुणीच सांगितलं नाही.