माझ्यामागे कोणी नाही

"मिस लेनोरा, फार वेळ उभं राहू नका, मुळं फुटतील!" ब्रँडी वळणावरून जाता जाता ओरडली.

"फुटू देत. सावली तरी पडेल."

"मिस्टर व्हर्लन मागेच आहेत. आले की सुटलात तुम्ही!" ती हसली आणि डाव्या हाताच्या रस्त्याला लागली. तिच्या जाड टायरांखाली रस्त्यावर अंथरलेला शिंपल्यांचा चुरा बराच वेळ करकरत राहिला. मग तोही आवाज थांबला.

मी खांब होते. आमच्या शनिवारच्या सायकलवाल्यांत हा शब्द रोजचा आहे. रानात जिथे जिथे वाट फुटते, तिथे पुढाऱ्याच्या लगेच मागे असेल त्याने उतरायचं, हात लांब करून वाट दाखवत उभं राहायचं आणि पिछाडीचा माणूस येईपर्यंत हलायचं नाही. पिछाडीच्या माणसाने जवळ येऊन म्हणायचं, "माझ्यामागे कोणी नाही." तेवढं ऐकलं की खांब सुटला. हे शेवटचं वळण होतं. इथून गाड्या लावल्या होत्या तिथपर्यंत सरळ रस्ता.

पिछाडी मिस्टर व्हर्लन स्टोक्स यांची. दुसऱ्या कोणाची ती कधी नव्हतीच. फ्लोरिडाच्या या सपाट रानात चढ नाही, उतार नाही. माणूस दमतो तो उन्हाने आणि वाळूने. पांढऱ्या वाळूच्या पट्ट्यात चाक रुतलं की भल्याभल्यांचं अवसान जातं. अशा वेळी मागून हळूच आवाज यायचा, "घाई नाही बरं का. जेवण पळून जात नाही." नव्या माणसाला आपण शेवटचे आहोत याची लाज कधी वाटली नाही, कारण त्याच्या मागे मिस्टर व्हर्लन असायचेच. आयुष्यभर त्यांनी शाळेची बस चालवली. फेरी संपली की बसच्या टोकापर्यंत चालत जाऊन प्रत्येक बाकाखाली वाकून बघायचे, एखादं मूल झोपून राहिलं असेल म्हणून. तीच सवय त्यांनी सायकलवर आणली होती. लोक चेष्टेने त्यांना आमचं शेपूट म्हणत. ते म्हणायचे, "माशा कोण हाकणार मग?"

मी वाट बघत उभी राहिले.

सुरुवातीला काही वाटलं नाही. कोणाचं तरी टायर बसलं असेल, ते पंप मारत असतील. पाइनच्या झाडांत वारा नव्हता. दोन क्रौंच पिल्लाला घेऊन पामेटोच्या झुडपांतून निघाले, माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करून रस्ता ओलांडून गेले. गेल्या आठवड्यात वनखात्याच्या लोकांनी तळ्याकडचा पट्टा, पुढे वणवा पेटू नये म्हणून, नेहमीसारखा जाळला होता, त्याचा जळका वास अजून हवेत होता. त्यामुळेच तर आजची वाट बदलली होती. आमची पुढारीण ट्रूडी हिने सकाळी सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं, की तळ्याची वाट बंद, कालव्याकडून जायचं.

ऊन डोक्यावर आलं. दुपारचं स्तोत्र म्हणायची माझी वेळ झाली. ते मी उभ्या उभ्याच म्हटलं, एक हात वाटेकडे धरून. मग बाटलीतलं पाणी पाहिलं. अर्धं ठेवायचं असं ठरवलं. जो येईल तो माझ्याहून तहानलेला असणार. फोनला त्या भागात रेंज येत नाही, हे ठाऊक असूनही दोनदा काढून पाहिला.

निघून जाणं सोपं होतं. सरळ रस्ता, पाच मैलसुद्धा नाही. पण खांब हलला आणि पाठोपाठ कोणी आलं, तर ते उजवीकडे जाणार, आणि उजवीकडची वाट दलदलीत जाऊन संपते. उन्हाने गरगरलेल्या माणसाला ते कळत नाही. मनात एकच घोळत होतं, की मिस्टर व्हर्लन कुठेतरी पडले आहेत. मागे जाऊन बघावं, तर वळण सुटतं. न जावं, तर ते पडून राहतात. देवाला म्हटलं, मला यातलं कळत नाही, तूच त्यांना उठव. आणि तिथेच उभी राहिले.

लांब दक्षिणेला ढग चढले, गुरगुरले. आमच्याकडे उघड्यावर वीज पडून माणसं जातात. मी सायकल लांब आडवी ठेवली आणि बसले. बसले तरी हात सवयीने वाटेकडेच होता.

सावल्या लांबल्या तेव्हा सायकल दिसली. पण मागून नाही, पुढून येत होती. गाड्यांकडून.

मिस्टर व्हर्लन होते. तोंड लालबुंद, सदरा पाठीला चिकटलेला. माझ्यापाशी येऊन त्यांनी पाय टेकला आणि बराच वेळ नुसते श्वास घेत राहिले. मी पाणी पुढे केलं. त्यांनी मान हलवली.

"तुम्ही प्या आधी, मिस लेनोरा."

"मी प्यायलेय. घ्या."

त्यांनी घेतलं. बाटली परत देताना विचारलं, "सकाळपासून इथेच?"

"तुमची वाट बघत होते. वाटलं, कुठे पडलात की काय."

"मी तर केव्हाच पोचलो होतो." ते थांबले. "ट्रूडीला सांगितलं, माझ्यामागे कोणी नाही. सगळ्यांनी उकडलेल्या शेंगा खाल्ल्या. गेले. मी नेहमीसारखा शेवटी निघणार होतो. तर तुमची गाडी उभी. म्हटलं, बसल्या असतील ओकच्या झाडाखाली. जाऊन बघितलं. नव्हतात."

"तुम्ही आलात कुठून?"

"तळ्याकडून. फाट्यावर ब्रँडी खांब होती, तिला पुढे सोडलं आणि नेहमीच्या वाटेने आलो."

मी खाली पाहिलं. त्यांच्या सायकलचे टायर काळे होते. पोटऱ्या गुडघ्यापर्यंत काजळलेल्या होत्या. माझी नजर तिथे गेलेली त्यांनी पाहिली आणि खाली वाकून स्वतःच्या पायांकडे पाहिलं, जणू दुसऱ्याच कोणाचे पाय आहेत.

"मघापासून विचार करतोय, हे काळं कशाने लागलं," ते म्हणाले.

"तळ्याचा पट्टा जाळलाय, मिस्टर व्हर्लन. सकाळी ट्रूडी म्हणाली होती."

"म्हणाली होती?" बोट लावून त्यांनी पोटरीवरची राख पुसली. ती आणखीच पसरली. "वाटेत फीत बांधलेली होती. मी उचलून खालून गेलो. म्हटलं, कोणीतरी चुकून बांधली."

ढग पुन्हा गुरगुरले. त्यांनी आभाळाकडे पाहिलं, आणि तेव्हा त्यांचा आवाज परत पहिल्यासारखा झाला. "चला, उठा. पुढे व्हा तुम्ही. घाई नाही, पण रेंगाळूही नका. मी मागे आहे."

दिवसात दुसऱ्यांदा ते ती वाट तुडवत होते, वयाची अठ्ठ्याहत्तर वर्षं घेऊन. मी मुद्दाम हळू चालवली. मागून त्यांच्या साखळीचा आवाज येत होता. एकदा तो थांबला, तेव्हा मीही थांबले. "चला, चला," ते म्हणाले, "खडा गेला होता बुटात." खडा गेला नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

ट्रूडीची गाडी आमच्या आधी येऊन उभी होती. परत रानात शिरण्यापूर्वी मिस्टर व्हर्लननी तिला फोन केला होता. ती उन्हातून धावतच आली. घाबरली होती, आणि घाबरली की ट्रूडीची जीभ तिखट होते.

"काय हो मिस लेनोरा! पाखरं बघत बसलात ना? तरी म्हटलं, या बाई कुठे गायब! वळण सोडून झाडात शिरलात आणि वाट हरवली, होय ना? अहो, वीज पडली असती तर मी तुमच्या चर्चला काय तोंड दाखवलं असतं?"

खोटं बोलायचं नाही असं रोज सकाळी देवापुढे म्हणते. पण खरं बोलायलाही ओठ उघडेनात. मी गप्प राहिले असते तर ट्रूडीने चार दिवस चेष्टा केली असती आणि गोष्ट मिटली असती. मिस्टर व्हर्लन पुढच्या शनिवारी नेहमीच्या जागी असते. मला ते हवं होतं. आणि पुढच्या वेळी त्या वळणावर कोण उभं असेल, एखादी नवी, पाणी संपलेली, तेही डोळ्यांपुढे येत होतं.

"ट्रूडी, त्यांना बोलू नकोस," मिस्टर व्हर्लन म्हणाले. "त्या वळणावरच होत्या. मी नव्हतो."

"म्हणजे?"

"मी वळणावर गेलोच नाही. तळ्याकडून आलो. आणि तुझ्यापुढे उभा राहून म्हणालो, माझ्यामागे कोणी नाही."

ट्रूडीने त्यांच्या पायांकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "अहो, होतं असं. ऊन किती होतं. माझीसुद्धा एकदा अशी चूक..."

"तुझी नाही झाली." ते वाकून सायकलच्या मागची पिशवी सोडवू लागले. बंद निघेना. मी मदतीला पुढे झाले नाही. "बस सोडली तेव्हाही मला कोणी काढलं नव्हतं. एका सकाळी एक गल्ली आठवेना. मुलं ओरडून सांगत होती, इकडे वळा, इकडे वळा. त्याच दिवशी किल्ली देऊन आलो."

"पण मग आमचं शेपूट कोण होणार?" ट्रूडी हसायला गेली, जमलं नाही.

त्यांनी पिशवी माझ्यापुढे धरली. "यांना द्यायचं म्हणतो. थांबायला येतं यांना."

"मला टायरसुद्धा बदलता येत नाही, मिस्टर व्हर्लन."

"टायर कोणीही बदलतं. हे बघा, यात ट्यूब आहेत, हा पंप. या डबीत शेंगदाण्याचं लोणी आहे, कोणाचं अवसान गेलं की चमचाभर द्यायचं आणि काही विचारायचं नाही. दमलेल्या माणसाला प्रश्न विचारू नये." मग जरा थांबून म्हणाले, "आणि अगदी जवळ चालवायची नाही. माणसाला वाटतं, मागून ढकलतायत."

पिशवी वजनाला फार नव्हती. मी ती दोन्ही हातांनी घेतली.

पुढच्या शनिवारी ते येतील असं कोणाला वाटलं नव्हतं. आले. सायकल धुतलेली, टायर स्वच्छ. ब्रँडी म्हणाली, "मिस्टर व्हर्लन, आज मध्ये चला आमच्यात, गप्पा मारू." ते बरं म्हणाले आणि निघताना मध्ये राहिलेही. मी सगळ्यांच्या मागे. पुढच्या पाठी मोजत होते, मोजताना चुकत होते, पुन्हा मोजत होते.

वाळूचा पहिला पट्टा आला तेव्हा ते कडेला थांबले. पाय टेकून उभे राहिले, एकेकाला हाताने पुढे काढत. "हं, चला. घाई नाही. चला." सगळे गेले. मग मी पोचले आणि थांबले.

"चला, मिस लेनोरा," त्यांनी हात केला.

मी हलले नाही.

"निघा ना. मी येतो मागून."

"मला जाता येणार नाही, मिस्टर व्हर्लन," मी म्हटलं. "तुम्ही पुढे जायचे आहात अजून."

त्यांचा हात तसाच हवेत होता. तो त्यांनी हळूहळू खाली घेतला. समोर बाकीचे लहान होत चालले होते. कुठेतरी सुतारपक्षी खोडावर ठोकत होता.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

त्यांनी पेडलवर पाय ठेवला. सायकल वाळूत जराशी डगमगली, सावरली. मी त्यांना थोडं अंतर घेऊ दिलं आणि निघाले. पुढचा रस्ता चांगला रुंद होता, दोन गाड्या शेजारून जातील एवढा. तरी ते गवताला लागून, कडेकडेने चालवत होते, मागच्याला वाट मोकळी राहावी म्हणून.